दहाव्याला राखलेले केस

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी मोठेपणानं सांगत नाही. सांगायचं कारण एवढंच की कॉलेजात काय असतं, परीक्षा कधी असते, हॉलतिकीट म्हणजे काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगेन ते खरं, असा सगळ्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाचं मी काय केलं ते लिहायचं आहे. नीट जमेल की नाही सांगता येत नाही.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, परतूर स्टेशनच्या पुढं, आष्टीजवळ. बाप आणि थोरला चुलता एकाच घरात राहायचे, शेतीही एकत्र होती. बापाला मी बा म्हणायचो आणि चुलत्याला थोरला बा. थोरल्या बाला मूलबाळ नव्हतं. दहावीनंतर बा मला शेतात घालायला निघाले होते, तेव्हा थोरला बा मध्ये पडला. पारावर चार माणसांत म्हणाला, "ह्या पोराला मी शिकवणार. आन् मी मेल्यावर पाणी पाजायचं ते ह्यानंच. आताच सांगून ठेवतो, मंग भांडू नका." माणसं हसली. बा काही बोलले नाहीत, म्हणजे कबूल झालं. तेव्हापासून मी घरात दोघांचा होतो.

जालन्याला मी एक खोली करून राहायचो. दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या फळ्यावर कागद लागला. एका हौशी नाट्यसंस्थेला नाटकासाठी मुलं हवी होती. संस्था म्हणजे टेलिफोन खात्यातले एक कारकून आणि त्यांचे पाच-सहा मित्र. आम्ही त्यांना सर म्हणायचो. तरुणपणी सर पुण्यात होते. तिथं कुणीतरी परदेशी धर्तीवर एक मराठी रॉक संगीत नाटक बसवलं होतं, गिटार आणि ड्रम घेऊन, केस वाढवलेल्या पोरांचं. घर सोडून बागेत राहणारी, लढाईला जायचं नाही म्हणणारी, आईबापाचं काही न ऐकणारी पोरं. सर त्यात मागच्या रांगेत नाचायचे. पंधरा वर्षं झाली तरी ते नाटक त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यांच्याकडे गाण्यांची एक कॅसेट होती, ती वाजून वाजून चिरकायला लागली होती. तेच नाटक ते जालन्यात पुन्हा उभं करत होते.

मी गेलो तो उत्सुकतेपोटी. वाचनाच्या वेळी दोन ओळी वाचल्या आणि 'नाही'च्या जागी माझ्या तोंडून 'न्हाई' गेलं. पोरी हसल्या. सर हसले नाहीत. दोन-तीन वेळा म्हणवून घेतलं, मग पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा माझे केस कानांवर आलेले होते, वेळेवर कापले नव्हते म्हणून.

"केस वाढवशील?" त्यांनी विचारलं.

"किती सर?"

"खांद्यापर्यंत. शेवटच्या प्रवेशात पोलीस या पोरांना पकडून नेतात आणि एकाचे केस कापतात. खरे कापायचे, प्रेक्षकांसमोर. पुण्यात आम्ही टोप कापला होता, लोकांना पहिल्या रांगेतून कळलं. ते मला अजून खुपतं. तुला एकही वाक्य नाही. नुसतं स्टुलावर बसायचं. पण नाटक तुझ्यावर संपतं."

मला आयुष्यात असं कुणी सांगितलं नव्हतं. मी नऊ महिने केस वाढवले.

बाकीच्यांसाठी औरंगाबादहून भाड्याचे टोप येणार होते. मुख्य काम करणारा मुलगा गिटार वाजवायचा, त्याचे केस अगदी बारीक होते, कारण त्याच्या घरी चालत नव्हतं. ड्रमवर लग्नाच्या बँडमधला एक माणूस होता. त्याला कॅसेट ऐकवली की तो मान डोलवायचा आणि वाजवायला बसला की दर चार मात्रांनी वरातीत शिरायचा. सर कपाळाला हात लावायचे. तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी असायच्या. तिथं जाताना मला रोज वाटायचं की मी जालन्यात राहतो. एरवी मी फक्त जालन्याला असायचो.

गावाकडे केसांची थट्टा व्हायची. पारावरून कुणीतरी विचारायचं, "काय रं, पोतराज झाला का काय? कोरडा कुठंय तुझा?" दुसरा म्हणायचा, "पोतराज न्हाई, आंगात येत आसंल. हळद कुकू आणा." थोरला बा त्यांना म्हणायचा, "कॉलेजात तसंच असतंय. तुम्हाला काय कळतंय?" त्यालाही कळत नव्हतं. पण माझ्या बाजूनं बोलायचं त्यानं ठरवलेलं होतं. चुलती, म्हणजे थोरली माय, मला उंबऱ्यात बसवून केसांना तेल लावायची. म्हणायची, "मला लेक न्हाई दिली देवानं. बस, येणी घालते." आणि खरंच घालायची, मग दोघंही हसायचो.

प्रयोगाला अकरा-बारा दिवस राहिले होते तेव्हा थोरला बा गेला. सकाळी शेतात गेला होता, छातीत दुखतंय म्हणून बांधावर बसला तो उठलाच नाही. जालन्याला मोंढ्यात येणाऱ्या गावच्या माणसाजवळ निरोप दिला होता. तो संध्याकाळी माझ्या खोलीवर आला. मी तालमीला होतो. तो दाराशी बसून राहिला. मी आलो तेव्हा परतूरची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी घरी पोहोचलो तोवर सगळं झालेलं होतं. अग्नी बांनी दिला होता.

बांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाले, "आगीला तू न्हवतास. ऊन लई, ठेवता येईना. आता दहाव्याला पिंड तूच द्यायचे. त्याचा सबूद हाये."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. तेव्हा मला केस आठवलेसुद्धा नाहीत.

आठवले तिसऱ्या दिवशी, राख सावडून परत येताना. आमच्याकडे पिंड देणाऱ्यानं दहाव्याला डोकं काढायचं असतं, वस्तऱ्यानं सगळे केस उतरवून. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. दहाव्यानंतर दोन दिवसांनी प्रयोग होता आणि तिसऱ्या दिवशी तेरवी.

परीक्षा आहे असं सांगून मी जालन्याला आलो. सुतकात बाहेर जायचं नसतं, पण परीक्षा म्हटल्यावर कुणी अडवलं नाही. परीक्षा पुढच्या महिन्यात होती. मी सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. मी विचारलं, "टोप लावला तर?"

"नऊ महिने कशासाठी थांबलो मग?" ते म्हणाले. नंतर आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, मी तुला अडवणार नाही. तुझ्या घरचं आहे. पण हे नाटक कशावर आहे ते तरी एकदा मनाशी म्हण. गेलेल्या माणसाला तुझ्या केसांनी काय मिळणार? रूढी आहे, दुसरं काय. ज्याला घरात नाही म्हणता येत नाही त्यानं स्टुलावर बसून काय दाखवायचं?"

मला ते पटलं. आज वाटतं की पटलं नव्हतं, पटावं असं वाटत होतं. मी फार हुशार मुलगा नव्हतो आणि इतक्या शुद्ध भाषेत माझ्याशी इतका वेळ कुणी बोललेलं नव्हतं.

दहाव्याला मी गेलो. ओढ्याच्या काठावर भावकी जमली होती. आमचा न्हावी वाटीत पाणी घेऊन बसला होता. बांचं डोकं काढून झालं होतं. बोडक्या डोक्याचे बा मी पहिल्यांदा बघत होतो. ते एकदम लहान दिसत होते.

"बसा दादा," न्हावी मला म्हणाला.

मी उभाच राहिलो. गाडीत सगळा रस्ताभर मी वाक्य जुळवलं होतं. म्हणालो, "मला केस काढता येत न्हाईत. परीक्षा चालू हाये. हॉलतिकिटावर फोटो हाये, केसांचा. डोकं काढलं तर ओळख पटणार न्हाई, आत घेणार न्हाईत."

मग भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "आसं कुठं आसतंय का? सरकारला सुतक कळत न्हाई व्हय?"

"फोटू म्हणल्यावर मंग," दुसरा म्हणाला. "माझ्या मेव्हण्याचं रेशनकार्ड आसंच अडकलं होतं. फोटूत मिशा होत्या, गडी भादरून गेल्ता."

"रेशनचं अन् बापाचं एकच का?"

"बाप कुठं, चुलता हाये."

"चुलत्यानंच शिकीवलं ना त्याला?"

न्हावी मधेच हळू म्हणाला, "कानामागची एक बट घेतो. नावाला."

"तू शास्त्र सांगू नको, वस्तरा सांभाळ," म्हातारे म्हणाले.

मी खाली बघत होतो. आणि मग बा बोलायला लागले. बा चार माणसांत बोलणारे नव्हते. त्यांनी भावकीपुढे हात जोडले. म्हणाले, "त्याचं बराबर हाये. फोटू लागतोच तिथं. पोराचं साल बुडंल. माझ्या भावाचीच इच्छा व्हती पोरगा शिकावा म्हणून. त्यानं सोता सांगितलं आसतं, राहू द्या म्हणून. जल्दी काहीतरी ठरवा, ऊन चढून राह्यलंय."

मला त्यांना अडवता आलं असतं. खाली बसता आलं असतं, नुसतं खाली बसायचं होतं, बोलायचीही गरज नव्हती. मी बसलो नाही. माझ्या खोट्यासाठी बा हात जोडत होते आणि मला मनात कुठंतरी सुटल्यासारखं वाटत होतं. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आष्टीहून लांबच्या नात्यातला एक चुलतभाऊ आला होता, तिशीचा, किराणा दुकान चालवणारा. थोरल्या बाची आणि त्याची वर्षातून एखादी भेट व्हायची. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि तो टोपी काढून न्हाव्यासमोर बसला. त्यानं काही आढेवेढे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, "मानेपशी हळू घ्या, फोड झालाय." पाच मिनिटांत त्याचं डोकं झालं. पिंड त्यानं मांडले. मी मागे, केस खांद्यावर घेऊन, बायकांच्या जवळ उभा होतो. थोरली माय तिथंच होती. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

पिंडाला कावळा शिवायला वेळ लागेल असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं, खरं तर मी त्याचीच वाट बघत होतो. पण आम्ही मागे सरकलो तोच कावळा आला.

कुणीतरी माझ्यामागे म्हणालं, "मयताला काई वाटलं न्हाई. आपल्यालाच वाटून राह्यलंय."

संध्याकाळच्या गाडीनं मी जालन्याला परतलो. बा परतूर स्टेशनपर्यंत सोडायला आले होते, बोडक्या डोक्याला पटका गुंडाळून. गाडी सुटताना म्हणाले, "पेपर चांगला लिव्ह." तेव्हा ती छोटी लाईन होती, गाडी हळू निघायची. ते बराच वेळ दिसत राहिले.

प्रयोग व्यापारी मंडळींच्या एका ट्रस्टच्या सभागृहात होता. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे राजस्थानातून कधीकाळी इथं येऊन स्थायिक झालेल्या घराण्यातले शेठ. शांत, अदबीनं बोलणारे गृहस्थ. प्रयोगाच्या दिवशी दुपारी ते स्वतः व्यवस्था बघायला आले. पडदा, पंखे, मंचावर मांडलेली नटराजाची मूर्ती बघितली. मग एका टेबलावर आमचं सामान लावलेलं होतं तिथं थांबले. टोप, पोलिसांच्या टोप्या, एक मोठी कात्री.

"ये कैंची कशाला?" त्यांनी विचारलं.

सरांनी उत्साहानं सगळा प्रवेश सांगितला. शेठ ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सर, नाटक तुमचं आहे, मी त्यात बोलत नाही. पण स्टेजवर आदमीचे बाल नका पाडू. मूर्ती आहे. आमच्या घरात कुणी गेलं तर बाल काढतात. शुभ जागेवर ते बरं नाही दिसत. मी साफ सांगतो, मला नाही चालणार."

ते रागावून बोलले नाहीत. माझा त्यांच्यावर राग नाही, तेव्हाही नव्हता. त्यांना जे वाटत होतं ते त्यांनी सरळ सांगितलं. मी विंगेत उभा होतो. मला वाटलं, आता सर बोलतील. नाटक कशावर आहे ते शेठना सांगतील. मला सांगितलं होतं तसं सगळं सांगतील.

सर म्हणाले, "बरोबर आहे शेठजी. माझ्या लक्षात आलं नाही. काढून टाकतो तो भाग."

शेठ गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. "शेवट आपण गाण्यावरच करू. तू मागच्या रांगेत उभा राहा, सगळ्यांबरोबर. खरं तर गाण्यावर शेवट जास्त उठावदार होईल."

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. ते म्हणाले, "अरे, माणसाच्या श्रद्धा असतात. मान ठेवावा लागतो. हॉल त्यांचा आहे."

मी म्हणालो, "बरं सर."

पुष्कळ वर्षं मी मनात त्यांना उत्तरं दिली आहेत. त्या दिवशी एवढंच म्हणालो.

प्रयोग बरा झाला असं म्हणाले. पहिल्या गाण्याला शिट्ट्या पडल्या. मंचावरून बाहेर जाताना एका पोरीचा टोप पडद्याच्या दोरीला अडकला तेव्हा लोक सगळ्यात जास्त हसले. बँडवाला शेवटच्या गाण्यात वरातीत शिरला आणि मागच्या खुर्च्यांवरची दोन-चार पोरं खरंच नाचायला लागली. मी मागच्या रांगेत उभा होतो, टोप घातलेल्या आठ जणांत. माझे केस खरे आहेत हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. पडदा पडल्यावर एक बाई आत आल्या आणि माझ्याकडे बघून सरांना म्हणाल्या, "याचा टोप छान बसलाय हो."

सकाळी मी स्टेशनजवळच्या न्हाव्याकडे गेलो आणि डोकं काढायला सांगितलं. त्यानं विचारलं, "कोण गेलं?"

"चुलते."

"कधी?"

"आज तेरवं."

त्याचा हात थांबला. आरशातून त्यानं माझ्याकडे बघितलं. "मग दहाव्याला का न्हाई?" मी मान खाली घातली. त्यानं पुन्हा विचारलं नाही, पण नंतर तो एकदाही बोलला नाही.

मला काय वाटत होतं ते सांगायचा प्रयत्न करतो. मला वाटत होतं की उशिरा का होईना, मी केलं. जाऊन थोरल्या मायच्या पायांवर डोकं ठेवीन, ते डोकं ती बघेल. परतूरपर्यंत गाडीत मी हेच घोकत होतो. फोटोचं मी विसरूनच गेलो होतो. खोटं बोलणाऱ्यानं आपलं खोटं तरी लक्षात ठेवावं.

घरी पोहोचलो तेव्हा पंगती सुरू झाल्या होत्या. मांडवाच्या तोंडाशी बा पाहुण्यांना बोलावत उभे होते. मला बघून त्यांचं बोलणं अर्ध्यात थांबलं. मला हाताला धरून ते गोठ्याच्या मागे घेऊन गेले.

"हे काय केलंस? मंग फोटूचं कसं?"

मी बोडक्या डोक्यावरून हात फिरवला.

"आत घेतलं न्हाई का तुला? बिघडलं का परीक्षेचं?" त्यांच्या आवाजात काळजी होती. त्यांना अजूनही तेच खरं वाटत होतं.

मी म्हणालो, "बा, परीक्षा पुढल्या म्हैन्यात हाये. नाटक व्हतं."

"कशाचं नाटक?"

"केस वाढवलेल्या पोरांचं. त्यात माझे केस कापायचे व्हते, समद्यांसमोर."

त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग तिथं काढले व्हय?"

"न्हाई. तिथं न्हाई काढले. एक शेठ नको म्हणाले. म्हणले, कुणी गेल्यावर काढत्यात, तिथं बरं न्हाई."

"त्येन्ला कळलं मंग," बा म्हणाले.

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पटका सोडला, घाम पुसला, पुन्हा बांधला. भावकीपुढे माझ्यासाठी जे हात जोडले होते तेच हात पटक्याची गाठ मारताना दोनदा चुकले. मग म्हणाले, "चल. वाढायला माणसं कमी हायेत." थोरल्या मायला भेटलास का, असंही विचारलं नाही.

मी वरणाची बादली घेतली आणि पंगतीत शिरलो. समोरून आष्टीचा चुलतभाऊ भात वाढत येत होता. त्याच्या डोक्यावर तीन दिवसांचे खुंट. आम्हा दोघांना बघून माणसांचा घोटाळा होत असावा. थोरल्या मायच्या माहेरकडून, हसनाबादकडून आलेले एक म्हातारे पंगतीत बसले होते. त्यांनी बांना विचारलं, "पावणं, पिंड दिले ते पोरगं कोणतं? हितं दोघंबी बोडके दिसून राह्यले."

बा माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी चुलतभावाकडे बोट केलं. "तो. आष्टीचा."

"आन् हा?"

"हा जालन्याला शिकतो."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. मी त्यांच्या पत्रावळीवर वरण वाढायला वाकलो. त्यांनी पुरे म्हणून आडवा हात धरला, तेव्हा मी पुढच्या पानाकडे सरकलो.